नाथाजीची नक्कल कुणाकुणाला येते

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघाले की नाथाजीला शोधावं लागत नसे. कान उघडे ठेवले की पुरे.

"हांऽऽऽ बोला, बोला, बोला! आवं शेठ, लांबनं काय बघताय, नवरी हाय का? वास घ्या, मग बोला!"

हा 'हांऽऽऽ' मोठा गमतीचा होता. तो बेंबीपाशी सुरू व्हायचा, छातीत जरा घुटमळायचा आणि शेवटी शिट्टीसारखा वर निघून जायचा. नाथाजी मूळचा पाटणच्या वरच्या डोंगरातला. तिकडं 'तुमची म्हस आमच्याकडं आलीया' एवढं सांगायला दरी उतरून चढण्यापेक्षा हाळी देणं सोपं. भाऊ सगळे मिलिटरीत गेले. हाही भरतीला उभा राहिला, पण छाती भरली नाही. "छाती न्हाई भरली, पर आवाज बंदुकीच्या फुडं जातो," असं सांगत तो सांगलीत आला आणि एका अडत दुकानात सौदा पुकारायला लागला, तो तिथलाच झाला.

यार्डात त्याची नक्कल न करणारा माणूस सापडणं अवघड. हमाल पोतं उचलताना 'हांऽऽऽ' करत. चहावाला कप पुढं करून "वास घ्या, मग बोला" म्हणे. लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी जिलबीचा सौदा काढायचंच. नाथाजी प्रत्येकाची नक्कल मान तिरकी करून ऐकायचा आणि निकाल द्यायचा, "न्हाई जमलं गड्या. नाकातनं येतंय. प्वाटातनं काढ." आपल्यासारखा आवाज जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला काढता येत नाही, याची त्याला खात्री होती. त्याच्यापाशी मिरवायला दुसरं होतंच काय?

आणि हीच खात्री त्याला तुरुंगाच्या दारापर्यंत घेऊन गेली.

झालं असं. जयपालअण्णा हे हळदीचे जुने व्यापारी. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार. त्यामुळं ते गल्ल्याची पिशवी घेऊन यार्डातून कधी निघतात हे अख्ख्या सांगलीला पाठ. एका संध्याकाळी हरिपूर रस्त्याला त्यांच्या स्कूटरला मोटरसायकल आडवी आली. दोघंजण, तोंडाला रुमाल बांधलेले. मागच्यानं कोयता दाखवला. अण्णांनी घाबरून ब्रेक दाबला, ते पडले आणि मनगट मोडलं. तेवढ्यात तो मागचा म्हणाला, "हांऽऽऽ शेठ! पिशवी सोडा, मग बोला!"

पिशवी गेली. अण्णांनी दवाखान्यातच जबाब दिला, "तोंड दिसलं नाही. पण आवाज नाथाजीचा होता बगा."

दुसऱ्या दिवशी नाथाजीला ठाण्यात बोलावलं. अण्णा हात गळ्यात बांधून बाकावर बसलेले. फौजदार म्हणाले, "जरा म्हणून दाखव. 'पिशवी सोडा, मग बोला.'"

दुसरा कुणी असता तर पुटपुटला असता, खोकला असता, घसा बसलाय म्हणाला असता. नाथाजीनं धोतराचा सोगा सावरला, एक पाय पुढं टाकला आणि असा 'हांऽऽऽ' काढला की आतले दोन हवालदार टाळ्या वाजवत बाहेर आले. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "ह्योच!" ते म्हणाले.

"ह्योच की!" नाथाजी खूश होऊन म्हणाला. "दुसऱ्या कुणाला येतोय व्हय?"

त्याला आत घेतला.

जामीन झाला, पण अटीवर. फिर्यादीला भेटायचं नाही, यार्डात पाय ठेवायचा नाही. वकीलपत्र घेतलं प्रीती मगदूम यांनी. त्याही जैन, त्यामुळं समाजातली माणसं टोचून बोलायची, "काय गं प्रीती, आपल्याच अण्णांच्या विरोधात?" त्या म्हणायच्या, "अण्णांच्या विरोधात नाही काका. त्यांच्या कानाच्या विरोधात."

पहिल्याच भेटीत त्यांनी नाथाजीला आणि त्याच्या बायकोला, शालूबाईला, समोर बसवून सगळं समजावलं. "नुसती पिशवी उचलली असती तर ती चोरी. भीती घातली, इजा केली, म्हणून ही जबरी चोरी. त्यात कोयता वापरला. गुन्हा शाबीत झाला तर सात वर्षांच्या खाली शिक्षा नाही."

"आन पाच जन असतं तर?" नाथाजीनं विचारलं.

"मग दरोडा. पण मोटरसायकलवर तुम्ही दोघंच होता."

"आवं मी न्हवतोच की!"

"हां. पण तुम्ही नव्हता हे आपण सिद्ध करायचं नसतं. तुम्ही होता हे सरकारनं सिद्ध करायचं. त्या वेळी कुठं होता?"

"घरात निजलो हुतो. सकाळपास्नं सौदं काढून घसा आन अंग दोनी बसलेलं."

"साक्षीला मी हाय," शालूबाई म्हणाली. "घोरत हुतं. घोरत्यात बी सौदा काढल्यागत. शेळी दावं तोडाया बघती."

वकीलबाई हसल्या. "बायकोच्या साक्षीला कोर्ट फार वजन देत नाही मावशी. आता त्यांच्याकडं काय आहे ते बघू. पिशवी सापडली नाही. जोडीदार सापडला नाही. तुमच्या घरातून कोयता जप्त केलाय."

"मग? ज्या घरात कोयता न्हाई त्या घरातली शेळी काय पेपर खाती का?" शालूबाई म्हणाली.

"तेच मी कोर्टात विचारणार आहे, जरा नीट शब्दांत. म्हणजे उरला फक्त आवाज. आणि तुमचा आवाज दुसऱ्या कुणालाही काढता येतो, हे आपल्याला दाखवायचंय."

नाथाजी ताठ झाला. "त्ये जमायचं न्हाई."

"का?"

"येत न्हाई कुणाला."

"नाथाजी, यार्डातला प्रत्येक माणूस तुमची नक्कल करतो."

"करत्यात. पर नाकातनं."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचाच नाही असं तुम्ही कोर्टात म्हणालात, तर तुमच्या तोंडानं तुम्हीच आत जाल. समजलं?"

"समाजलं," नाथाजी म्हणाला. पण घरी जाताना रिक्षात शालूबाईला म्हणाला, "खोटं बोलाया लावत्यात बग."

"आवं, सात वर्सांनी भाईर याल तवा तोंडात दात ऱ्हायचं न्हाईत," ती म्हणाली. "मग तुमची खरी हाळी बी फुसकीच येनार. त्यापरीस आत्ताच मान्य करा."

ते वर्ष वाईट गेलं. रिक्षा स्टँडवर नाथाजीनं तोंड उघडलं की माणसं वळून बघायची, मग एकमेकांकडं बघायची. एका पोरानं हात वर करून "घ्या मामा, पिशवी घ्या" म्हटलं आणि सगळे खिदळले. हळूहळू नाथाजी कानात सांगितल्यासारखं बोलायला लागला. दुकानात साखर मागितली तरी दुकानदार "काय? काय?" करायचा. शेळी दावं सोडून पार कृष्णेच्या काठापर्यंत गेली, तरी यानं हाक मारली नाही. मागं पळत गेला.

"शेळीला तरी हाळी द्या," शालूबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. बाईनं तीस वर्षं "जरा हळू बोला" म्हणण्यात घालवली होती.

शेवटी खटला उभा राहिला. जयपालअण्णा साक्षीच्या पिंजऱ्यात आले, शपथ घेतली आणि नाथाजीकडं बघायचं टाळत सगळं सांगितलं. मग प्रीती मगदूम उठल्या.

"ठाण्यात आवाज ऐकवला, तेव्हा तिथं किती जणांना बोलायला लावलं?"

"एकट्या नाथाजीला."

"म्हणजे 'यातला कोण' असं विचारलंच नाही?"

"नाही."

"तुमच्या घरी नाथाजींची नक्कल कोण करतं?"

अण्णा गडबडले. पण खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "नातू करतो. आर्जव."

"आणखी?"

"आक्काताई करतात. आमच्या मंडळी. भाजीवाला दारात आला की."

"आणि तुम्ही?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "कधीमधी." मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशांनी वर बघितलं, तशी थांबली.

"नक्कल ऐकून तुम्ही कधी फसलाय?"

अण्णांनी मोडलेलं मनगट चोळलं. मग म्हणाले, "एकदा. माझा मेव्हणा भरतेश. त्यानं नाथाजीच्या आवाजात फोन केला, 'हांऽऽऽ अण्णा, राजापुरी हळद आलीया, वास घ्या, मग बोला.' मी स्कूटर काढून यार्डात गेलो की. सुट्टी होती. बंद शटरपुढं उभा राहिलो."

आरोपीच्या जागी उभ्या नाथाजीचं तोंड उघडंच राहिलं. भरतेश? तो नाकातनं बोलणारा भरतेश?

सरकारी वकील घाईनं उठले. "पण त्या संध्याकाळचा आवाज नाथाजीचाच होता ना?"

"त्या फोनवर बी नाथाजीच वाटलेला, साहेब," अण्णा म्हणाले.

मग न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, "फिर्यादी म्हणतात आवाज तुमचा होता. तुमचं काय म्हणणं?"

नाथाजीनं वकीलबाईंकडं बघितलं. मागं बसलेल्या शालूबाईकडं बघितलं. मग तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," न्यायाधीश म्हणाले. "जरा मोठ्यानं बोला."

उभ्या जन्मात त्याला कुणी मोठ्यानं बोल म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं पाय जरा पुढं टाकला आणि कोर्टाच्या खिडक्या थरथरतील अशा आवाजात सांगितलं, "साहेऽऽऽब! त्यो आवाज माझा न्हवता! माझा आवाज लय जनांला येतोऽऽऽ!"

बाहेर व्हरांड्यात तारखेची वाट बघणारी माणसं उठून उभी राहिली.

नाथाजी निर्दोष सुटला. निकालात 'संशयाचा फायदा' असे शब्द होते. ते ऐकून तो थोडा नाराज झाला. "संशय कशाचा? न्हवतोच की मी!" पण वकीलबाई म्हणाल्या, "फायदा घ्या, मग बोला," आणि तो हसला.

दुसऱ्या सकाळी तो यार्डात गेला, तर फाटकात जयपालअण्णाच उभे होते. मनगट अजून जरा वाकडं होतं. "चुकलो बग नाथाजी."

"तुमचं काय चुकलं अण्णा? भ्यालेलं मानूस वळखीचंच ऐकतंय." मग त्यानं हळूच विचारलं, "पर त्या भरतेशच्या फोनवर तुमी खऱ्यानं फसलासा?"

"फसलो की."

नाथाजीनं सुस्कारा सोडला आणि हळदीच्या ढिगापाशी गेला. तेवढ्यात पोत्याआडून एका हमालानं त्याच्या स्वागताला 'हांऽऽऽ' काढला. सवयीनं नाथाजीची मान तिरकी झाली. "नाकातनं येतंय," तो म्हणाला. आणि मग एकाएकी त्याचा आवाज चढला. "आरं नीट काढ की! प्वाटातनं काढ! या रं सगळी हिकडं. चहावाल्या, तू बी यं. अण्णा, तुमी बी या. ह्या यार्डातल्या एकूणएक मानसाला माझा आवाज जसाच्या तसा आला पायजे. उद्या कुनी परत पिशवी पळीवली, तर कुनाकुनाला धरनार हायत ते बघू दे!"

त्या दिवशी सौदे तासभर उशिरा निघाले. हळदीच्या ढिगांभोवती अख्खा यार्ड पोट आत ओढून उभा होता, आणि त्यात सगळ्यात बरा 'हांऽऽऽ' जयपालअण्णांचा निघाला.