भंडाऱ्याची मूठ

आळंदच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी सहा वर्षं लोकांचे लॅपटॉप उघडतेय. स्वतःचा एकही नाही. मागितला तेव्हा अप्पा म्हणाले, "तुला कशाला? दिवसभर लॅपटॉपच बघायलीस की." आणि गेल्या श्रावणात धाकट्या भावाला गेमिंग लॅपटॉप आला, लाल-निळ्या दिव्यांचा, परातीएवढा. का, तर तो व्हिडिओ एडिटिंग शिकतोय. माझ्या अंगाची लाही लाही झाली. शेजारणींना पेढे मात्र मीच वाटले, हसून.

दिवाळीनंतर लॅपटॉप तापायला लागला. गेम सुरू केला की दहा मिनिटांत पंखा घरघरायचा आणि स्क्रीन काळी. "कामून बंद पडायलाय गं, अक्का?" भाऊ रडकुंडीला आला. गोधडीवर ठेवून खेळतोस म्हणून आधी मी त्याला झापलं. मग पाटावर ठेवला, मागून उचलून खाली लाकडी ठोकळे दिले, नको ते प्रोग्राम बंद केले. तापमान तरी सत्त्याण्णवच. अप्पा वैतागले. "खराब निघालाय. मिळंल त्या भावानं विकून टाकू." मग माझ्याकडे वळून, "तू उघडून बघ. तू म्हणशील तसं करू."

घरात पहिल्यांदाच माझ्या शब्दावर काही ठरणार होतं. बोर्ड गेलाय, एवढं म्हटलं की लॅपटॉप घराबाहेर. खरं सांगते, ते मी म्हणणारच होते.

रविवारी सगळे स्क्रू काढून खालचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर, तांब्याच्या नळीपुढच्या बारीक जाळीत पिवळा थर गच्च बसलेला. भंडारा.

आमचं धनगराचं घर. आजोबांच्या मेंढ्या कधीच गेल्या, पण खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, मोटारसायकल ओळीनं मांडून देवाच्या नावानं हळदीचा भंडारा अजून उधळतात. यंदा त्या ओळीत हाही होता, झाकण उघडं, दिवे चालू, पंखा चालू. सगळ्यांनी चिमूट चिमूट टाकली. मी मूठभर टाकला, नेमका कीबोर्डच्या वरच्या जाळीवर. पंखा आत काय काय ओढतो, हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं. आई कौतुकानं म्हणाली, "लेकराची भक्ती बघा."

आता खोटं बोलायला जीभ रेटेना. ब्रशनं पाती झाडली, जाळी फुंकून मोकळी केली, चिपची उष्णता नळीकडे नेणारी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. तासभर गेम चालला. तापमान सत्तरच्या वर गेलं नाही.

"भंडारा मीच टाकलता," मी बोलून गेले. "मुद्दाम."

"दिसलतं मला," भाऊ खेळता खेळताच म्हणाला. "त्यानं तापंल हे ठाव नव्हतं. झाकण लावायला उठलतो, पण तुझं तोंड बघितलं अन् म्हटलं, टाकू दे तिला. अप्पांला सांगू नकोस, उगं तुला बोलतेत."

लॅपटॉप त्यालाच, आणि वर मोठं मनही त्यालाच! त्याचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता.