खोडरबर आणि आईचं नाक

मेंदूच्या संशोधन केंद्रात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे खोडरबरच म्हणतात. कामच तसं आहे. मोठ्या चुंबकाच्या यंत्रात डोकं ठेवलं, की मेंदूबरोबर चेहराही टिपला जातो. ओल्या मातीत उमटावा तसा, डोळे मिटलेला. ही चित्रं जगभरच्या अभ्यासकांना खुली करायची, तर माणसाचं नाव काढून क्रमांक द्यायचा आणि चेहरा पुसायचा. पुसण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. पण ही बाई त्याच्या भरवशावर राहत नाही. कलिंगड निरखावं तसं एकेक डोकं पडद्यावर सावकाश फिरवून बघते.

यंदा म्हातारपणातल्या विसराळूपणाचा अभ्यास निघाला, तेव्हा तिच्या आईनं आपणहून नाव दिलं. म्हणाली, "घरात माझं डोकं कुणी चालवू देत नाही. परक्यांच्या तरी कामी येऊ दे."

आणि एका दुपारी खोडरबरचा हात माऊसवर थबकला. चेहरा पुसला गेला होता, नाक मात्र शाबूत. लांब, मध्ये उंचवटा, शेंडा जरा डावीकडे कललेला. रोज सकाळी तिला आरशात दिसायचं, तेच नाक.

नियम सरळ होता. ओळख पटत असेल, तर चित्र बाहेर जाणार नाही. सॉफ्टवेअरला आणखी आत पुसायला सांगावं, तर ते कपाळामागचा मेंदूही खरवडत होतं. मग ते चित्र कुणाच्याच कामाचं नाही. कसंही केलं तरी आईचं डोकं बादच.

"गाळून टाक," शेजारचा सहकारी म्हणाला. "एका डोक्यावाचून काय अडतंय?"

"माझं अडतंय," ती म्हणाली. कुणाचं डोकं, ते सांगितलं नाही.

मग ती हातानंच पुसायला बसली. चित्राचा एकेक काप उघडायचा, नाकाचा तेवढा भाग पुसायचा, मेंदूला धक्का लागू द्यायचा नाही. लहानपणी आई पदराच्या टोकानं तिच्या डोळ्यातलं कुसळ काढायची, तसा श्वास रोखून. ऊन खिडकीतून निघून गेलं तरी तिची मान वर झाली नव्हती. शेवटी सहकाऱ्यानं तपासलं आणि होकार दिला.

चित्रं खुली झाल्यावर तिनं घरी आईसमोर लॅपटॉप ठेवला. केंद्राबाहेर जाताना चित्रांचे क्रमांकही बदललेले होते.

"यातली मी कुठली गं?"

"तूच ओळख."

आईनं चष्मा पुसला. "ही. चांगली भरलेली दिसतेय."

"आई, तिथं पुरुष लिहिलंय."

"मग तू दाखव."

खोडरबरनं सगळी डोकी फिरवून पाहिली. सापडेना.

"पोटच्या पोरीला आई ओळखू येईना! शाबास!"

"ओळखू येत नाहीस, म्हणूनच तर पाठवता आलं. तुझ्या नाकानं अडवलं होतं सगळं."

"माझ्या नाकानं?" आईनं आधी स्वतःचं नाक चाचपलं, मग हात लांबवून लेकीचं धरलं. "पूस हो खुशाल. हे दुसरं घरात आहेच की."