ताईचा पगार

नाशिकचा माझा फ्लॅट ताईच्या नावावर करायचा, हे मी आई गेली तेव्हाच ठरवून टाकलं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, जन्मतः डाउन सिंड्रोम. आईनंतर ती मावशीकडे राहायला गेली. मी कतारला, दोह्यात मेट्रोच्या कामावर. वर्ल्ड कप तोंडावर आलेला, रजेचं नाव काढलं की साहेबांचं तोंड वाकडं. म्हणून माझ्या वतीने बक्षीसपत्र करायला मावशीला मुखत्यारपत्र पाठवणार होतो.

त्यावर शिक्का घ्यायला त्या सकाळी अल सद्दच्या घरून भारतीय वकिलातीकडे निघालो. सोबत साक्षीदार म्हणून माझा सीए मित्र. कालचा रस्ता आज खोदलेला, मुशैरिबपाशी गाडी अडकली. बसल्या बसल्या त्याने कागद वाचायला घेतले.

"ताईंना वडिलांची सरकारी पेन्शन मिळते ना?"

"आईनंतर सुरू झाली."

"आणि फ्लॅट भाड्याने दिलाय?"

"मग काय रिकामा ठेवू?"

"भाडं त्यांचं उत्पन्न धरतील. सरकारी मर्यादेच्या वर गेलं की पेन्शन खलास."

माझं डोकंच फिरलं. बहिणीला घर देतोय, त्यातही याला खोट दिसते, असं फटकन बोललोही. पण ताई त्या पैशांना पेन्शन म्हणतच नाही. दर महिन्याला मावशीबरोबर बँकेत जाते, जीभ बाहेर काढून सही करते आणि बाबा पगाराच्या दिवशी आणायचे तशी पावशेर जिलबी घेऊन येते. शेजारीपाजारी सांगत सुटते, माझा पगार झाला. तो पगार मी बंद करायला निघालो होतो, तेही मोठ्या कौतुकाने.

मी गाडी वळवली. मित्राने सुचवलं, ट्रस्ट कर. घर ट्रस्टचं, तू आणि मावशी विश्वस्त, भाडं ताईंसाठी तुम्ही खर्चायचं, त्यांच्या हाती उत्पन्न म्हणून यायचं नाही. नाशिकच्या वकिलांनी नियम तपासून होकार दिला. साहेबांशी भांडून आठवडाभराची रजा काढली आणि नाशिक गाठलं.

"ट्रस्ट देवळांचे असतात ना रे?" मावशी कुरकुरली, पण सही केली. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपलो.

पुढच्या महिन्यात साइटवर असताना व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी जिलबीचा पुडा, मग ताई.

"माझा पगार झाला. तुझा?"

"अजून नाही गं, ताई."

तिने पुड्यातली अर्धी जिलबी मोडून बाजूला ठेवली. "मग ही तुला," म्हणाली.