कललेली ट्रॉली

माजलगावच्या मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर अमरसिंहांचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि तिथल्या कॉम्प्युटरवर कावेरी मिटकरी बसते. गावातल्या चौकांत लागणारे निम्मे बॅनर तरी तिच्या हातचे. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली. कुणाचा फोटो केवढा, कुणाला वरच्या ओळीत घ्यायचं आणि शुभेच्छुकांमध्ये कुणाला कुणाच्या शेजारी चुकूनही लावायचं नाही, हे तिला आता सांगावं लागत नाही. तिच्या वडिलांचं, शिवशरणअप्पांचं, कापडाचं दुकान आहे. पोरीने आपल्याच गादीवर बसावं असं त्यांना वाटायचं. पण तिला कापड मापण्यापेक्षा रंग जुळवण्यात गोडी. अप्पांनी काही दिवस अबोला धरला, मग सोडून दिलं.

फ्लेक्सच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा शब्द शेवटचा. चेहरा उजळ करा म्हटलं की कावेरी करायची. टक्कल झाकायची, पोट आत घ्यायची, मागे हिरवागार डोंगर टाकायची. ह्यात काही चूक आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

गहिनीनाथ तिच्याकडे आला तो असाच गिऱ्हाईक म्हणून. मूळचा आष्टीकडचा. आई-वडील ऊसतोडीला जाणारे, हा मात्र कॉलेज करून माजलगावातच राहिला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करता करता त्याने एकट्याने एक मोबाइल गेम बनवला होता. नाव ‘भरली ट्रॉली’. गेम जमला होता, पण चित्रकलेत हा शून्य.

“ताई, एवढंसं चित्र पाहिजे,” म्हणत त्याने अंगठ्याचं नख दाखवलं. “स्टोअरवर गेमच्या नावाजवळ असतंय ना, ते.”

“एवढंसं?” कावेरी हसली. “आमच्याकडं लोक भिंतीएवढं मागतेत.”

त्याने मोबाइलवर दुसऱ्या गेमची चित्रं दाखवली. आ वासलेले चेहरे, स्फोट, लाल बाण, आग. “आपलंबी असंच करा. आग पाहिजे.”

कावेरीने आग टाकली. दरीवरून उडणारा ट्रॅक्टर, चाकांतून ज्वाळा, ड्रायव्हरचं तोंड उघडं. खालचं वर्णन गहिनीनाथनेच लिहिलं: ‘जगातला सर्वात थरारक, सर्वोत्कृष्ट ग्राफिक्सचा, अफाट मनोरंजन करणारा गेम’. गेम कसा आहे हे तिने विचारलं नाही आणि त्याने दाखवला नाही.

चित्र लावलं आणि लोक गेम घ्यायला लागले. गहिनीनाथ दुकानात येऊन सगळ्यांना चहा पाजून गेला. थोड्याच दिवसांत तो पुन्हा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. त्याने लोकांचे शेरे वाचून दाखवले. “चित्रात ट्रॅक्टर उडतो, गेममध्ये मुंगीसारखा चालतो.” “फसवलं. लगेच काढून टाकला.” घेणारे बरेच होते, ठेवणारा जवळपास कुणी नव्हता.

“आग कमी पडली वाटतं,” तो म्हणाला. “ताई, आता स्फोटच टाका.”

कावेरीने बघते म्हणून सांगितलं आणि ते काम बाजूला ठेवलं.

त्याच आठवड्यात बायनाबाई आली. जवळच्या खेड्यातली बाई, लेक तानाजी आजारपणात गेलेला. त्याचा श्रद्धांजलीचा बॅनर कावेरीनेच केला होता. तानाजीच्या मित्रांनी फोटो पाठवला होता आणि नेहमीप्रमाणे सांगितलं होतं, जरा चांगला करा.

बायनाबाई दारातच उभी राहिली. “बाई, मपल्या लेकराचा पहिला फोटू हाय का तुमच्यापशी? बॅनरवरचा न्हाई. पहिला.”

“हाय ना. कावून, मावशी?”

“बॅनरवर त्यो वळखू येईना मला.” ती रागावलेली नव्हती. “लई देखणा केलाव तुमी. पर रंग त्येचा न्हाई. आन हनुवटीवरची खूण कुटं गेली?”

कावेरीने जुना फोटो शोधून पडद्यावर मोठा केला. सावळा, दाढी वाढलेला मुलगा, हनुवटीवर आडवा व्रण. बायनाबाई पुढे आली आणि तिने पडद्यावरच्या त्या व्रणावर बोट ठेवलं. “लहानपणी गोठ्यात पडलता,” ती म्हणाली.

कावेरीने फोटो जसा होता तसा छापला. काचेची चौकट अमरसिंहांनी स्वतः बाजारातून आणून दिली. बाई गेल्यावर कावेरीला पुढच्या बॅनरला हात लावावासा वाटेना. तो व्रण तिनेच पुसला होता. काम करताना तो तिला एक डाग वाटला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने गहिनीनाथला फोन केला. “स्फोट राहू दे. आधी मला तुझा गेम खेळायचाय.”

“खेळून काय करता? चित्र तर काढायचंय.”

“तरीबी.”

जेवणाच्या सुट्टीत ती गेम खेळायला बसली. उसाच्या मोळ्या ट्रॉलीत एकावर एक रचायच्या, दोर आवळायचा आणि खड्ड्यांच्या रस्त्याने कारखान्यापर्यंत न्यायच्या. घाई केली की ट्रॉली कलते. वळणावर ती एका चाकावर उचलली जाते, क्षणभर तशीच राहते आणि तेव्हा खेळणाऱ्याचाही श्वास अडकतो. सांडली तर रस्त्याकडेच्या शेळ्या धावत येऊन ऊस खायला लागतात. शेळ्या पहिल्यांदा आल्या तेव्हा कावेरी एकटीच मोठ्याने हसली. गेम संथ होता, पण त्यातलं वळण पुन्हा पुन्हा घ्यावंसं वाटत होतं. आणि चित्रात ह्यातलं काहीच नव्हतं.

तिने ते वळण काढायला घेतलं. पहिल्या चित्रात रस्ता, ट्रॅक्टर, ट्रॉली, कारखान्याची चिमणी, शेळ्या आणि गेमचं नाव, असं सगळं आलं. नखाएवढं केल्यावर त्याचा नुसता चिखल झाला. बॅनरवर भरपूर जागा असते. इथे एकच गोष्ट मावणार होती. तिने नाव काढलं, चिमणी काढली. शेळ्यांवर तिचा जीव होता, पण लहान आकारात त्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या, म्हणून त्याही काढल्या. ट्रॅक्टरसुद्धा गेला. शेवटी पिवळ्या आभाळावर एक कललेली हिरवीगार ट्रॉली उरली, आणि तिच्यातून निसटणारी एक मोळी. मोबाइल टेबलावर ठेवून कावेरी दारापर्यंत गेली आणि तिथून बघितलं. ट्रॉली पडतेय की सावरतेय, एवढाच प्रश्न तिथून पडत होता. शेळ्यांना तिने खालच्या मोठ्या स्क्रीनशॉटमध्ये जागा दिली.

गहिनीनाथला ते पटलं नाही. “ताई, ह्याच्यात हाय काय? आग न्हाई, माणूस न्हाई. कोण थांबंल?”

“ज्याला असला खेळ आवडतो, तो थांबंल.”

“आन बाकीचे?”

“बाकीचे मागच्या येळंला आलते की. राहिले का?”

मग तिने वर्णनही त्याच्यापुढे धरलं. “आन हे काय लिहिलंस? थरारक, सर्वोत्कृष्ट, अफाट. वाढदिवसाच्या बॅनरवर कार्यसम्राट लिहितेत, तसं झालं. कोण वाचतंय ते? तू तुझ्या मित्राला गेम कसा सांगशील?”

तो कुरकुरत म्हणाला, “सांगीन की… ट्रॉली भरलीय, रस्ता खराब हाय, कारखाना लांब हाय.”

“हेच लिही. खाली लिही, सांभाळून न्या.”

नवं चित्र लागलं आणि गेम घेणारे आधीपेक्षा कमी झाले. गहिनीनाथ दुकानासमोरून गाडीवर जाताना मान वळवायचा नाही. कावेरीलाही शंका येऊ लागली, की बॅनर करणाऱ्या आपण उगाच शहाणपण केलं का. पण जे आले ते टिकले. शेरे बदलले. कुणी लिहिलं की प्रत्येक वळणाला मी स्वतःच कलतो. कुणी शेळ्यांना लाडाची नावं दिली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, आणि आकडा सावकाश, पण न थांबता चढत गेला. फार मोठं यश नव्हतं ते. गहिनीनाथची नोकरी सुटली नाही आणि कावेरीचे बॅनरही. पण गेम बनवणाऱ्या दोघा-तिघांनी चित्र कुणाचं म्हणून चौकशी केली, आणि तिला घरबसल्या तशी कामं येऊ लागली. कुणाचंही काम आलं की ती आधी गेम मागते. बॅनरसाठी फोटो आला तर तेवढ्याच सहज विचारते, खूण ठेवायची ना?

मागच्या महिन्यात गहिनीनाथ नवा, अर्धाच झालेला गेम घेऊन आला. जत्रेचा. दुकान मांडायचं, शर्यत लावायची, कुस्ती खेळायची, बांगड्या भरायच्या, पाळणा फिरवायचा. कावेरी बराच वेळ खेळली.

“गहिनी, ह्याचं चित्र मला दिसंना.”

“कावून? लई कायकाय हाय की त्यात.”

“म्हणूनच. ह्यातलं कोणतं एक काढू? तूच सांग.”

तो स्टुलावर बसला. मोबाइल हातात फिरवत राहिला. बाहेर एक टेम्पो बॅनर न्यायला येऊन थांबला, अमरसिंहांनी दोन हाका मारल्या, तरी दोघं हलले नाहीत.

“बांगड्या,” शेवटी तो म्हणाला. “हात बघून माप वळखायचं, आन न फोडता भरायच्या. ते करताना मला मजा आलती.”

“मलाबी तेच आवडलं.”

“मंग बाकीचं काढून टाकू?”

“एवढ्यात काही काढू नको,” त्याच्या हातातला मोबाइल घेत कावेरी म्हणाली. “बांगड्या भरायचं तेवढं मला अजून एकदा खेळू दे.”