सहा सह्यांचा अर्ज

मिठबावची सुगंधा मासे विकायला बसली की गिऱ्हाईक भाव पाडायला घाबरायचं. अशा बाईचा उजवा पाय १९९९ साली बधिर झाला आणि एका डोळ्यापुढे धुकं आलं. दोन वर्षं देवदेवस्की झाली, अंगारे झाले. शेवटी गोव्यातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांचा आजार. इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर पाय टिकण्याची आशा आहे, म्हणाले. इंजेक्शनं मुंबईत, नसांचा डॉक्टरही मुंबईत, आणि सुगंधा मिठबावात!

रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. काठी टेकत, एसटी बदलत तिने आपल्यासारखी माणसं हुडकली. फोंडाघाटची कावेरी शिक्षिका, आंबोलीची कॉलेजात जाणारी उर्वशी, अशी तिच्यासकट सहा जणं निघाली. मागणी साधी होती. डॉक्टर महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या इस्पितळात यावा आणि इंजेक्शनं तिथेच मिळावीत. जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतला साहेब भला होता. "सहा जणांच्या सह्यांचा अर्ज आणा, पुढचं मी बघतो," म्हणाला.

अर्ज लिहिला सुगंधाच्या थोरल्या भावाने, सत्यवानने. शाळामास्तर माणूस, अक्षर मोत्यासारखं. कचेरीत नेऊन द्यायचं कामही त्यानेच अंगावर घेतलं. आधी देवळात नारळ ठेवून त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या भयनीच्या कामात कोण आडवो इलो तर तेका बाजूक कर." जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. आता देवासमोर असा शब्द टाकणाऱ्याकडे अर्जाची पोच कोण मागणार? आमच्याकडे तो माणसाचा अपमान आणि देवाचाही. सुगंधाने मागितली नाही. तिथेच बाई फसली.

विचारलं की सत्यवान म्हणायचा, "सरकारी काम गो, वेळ लागतलो." तेच ती बाकीच्या पाच जणांना फोन करून सांगायची. मधल्या काळात त्याच्या मुलीचं, अक्षदाचं लग्न झालं. दगदग नको म्हणून त्याने बहिणीला मागच्या खोलीत बसवलं. तिला ती माया वाटली होती.

अकराव्या महिन्यात ती स्वतःच कचेरीत गेली. कारकुनाने रजिस्टर दोनदा चाळलं. "मावशी, असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. पोच आहे का?"

ती तशीच भावाच्या घरी गेली. त्याने नाकारलं नाही. कपाटातून अर्जाची घडी काढून तिच्यापुढे ठेवली.

"अक्षदाचा लगीन ठरत होता गो. आत्येक असो आजार आसा, ह्या सोयऱ्यांका कळला असता तर?"

"मगे माझा नाव खोडूक होया होता, दादा. बाकीच्या पाच जणांनी तुझा काय वाकडा केला?"

परक्याने गळा कापला असता तर शिव्या देऊन ती मोकळी झाली असती. पाठच्या बहिणीचा घात करून हा माणूस वर्षभर तिच्या ताटाला ताट लावून जेवला होता.

नवा अर्ज कावेरीने लिहिला. सह्यांसाठी सुगंधा पुन्हा गावोगाव फिरली. आंबोलीला उर्वशी खाटेवर होती. पेन बोटांत ठरेना, म्हणून तिच्या आईने अंगठा धरून शाईला लावला.

"पयलो अर्ज खंय गेलो, मावशी?" उर्वशीने विचारलं.

कचेरीत हरवला म्हणणं सोपं होतं. सुगंधाने खरं काय ते सांगितलं.

"तो अर्ज माझ्याकडे देऊक होयो होतो, मावशी," उर्वशी म्हणाली. "तेव्हा माका चलूक येय होता."