गूळ घालायला मीच सांगितलं

नीलमने घमेल्यात नाक घातलं, वास घेतला आणि मान फिरवली.

"साहेब, घोडी खाई नई राहिनी," सुकदेव म्हणाला. "वास लेस आन तोंड फिरावस."

"लाडावलेली आहे. गूळ घाल, खाईल."

मी गुरांचा डॉक्टर. सिल्वासाच्या आसपास सव्वीस वर्षं गाई-म्हशी बघतोय. गलोंड्याजवळ नितीनभाईंचा गोठा होता. त्यांची प्लास्टिकची फॅक्टरी. मुलीला रायडिंगचा नाद लागला म्हणून त्यांनी गाई विकल्या आणि मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घोडी के लिए जगह रेडी कर दो."

कॉलेज सुटल्यापासून मी घोड्याला हात लावला नव्हता. हे सांगायला हवं होतं. मी "हो जाएगा" म्हणालो.

काम मात्र झटून केलं. घोडा बिथरला की सरळ कुंपणावर जातो, म्हणून काटेरी तार काढली. कोब्यावर पाय घसरू नये म्हणून रबरी मॅट टाकल्या. गव्हाणीच्या धारदार कडा घासून घेतल्या. सुकदेव शहाद्याकडचा, बारा वर्षं याच गोठ्यावर, बायकोसकट तिथल्याच खोलीत राहणारा. त्याने विचारलं, "गाईंच्या खुराकाच्या गोण्या उरल्यात, त्यांचं काय करू?"

"टाकतोस कशाला? संपेपर्यंत घोडीला दे."

त्या खुराकात मोनेन्सिन होतं. गाईला चारा नीट अंगी लागावा, दूध वाढावं म्हणून हे औषध देतात. मीच लिहून दिलं होतं. घोड्याला मात्र ते विष. पुस्तकात ती एक ओळ होती आणि मला ती परीक्षेपुरतीच पाठ होती.

गुळाबरोबर नीलमने खाल्लं. तिसऱ्या दिवशी ती घामाने निथळत होती, मागचे पाय लटपटत होते. पोटदुखी समजून मी इंजेक्शन दिलं. फरक पडेना, तेव्हा घोड्यांवर काम करणाऱ्या एका वर्गमैत्रिणीला फोन केला.

"खायला काय देतोयस?"

मी सांगितलं. तिने मला गोणीवरचं लेबल वाचायला लावलं. "यावर उतारा नाही रे."

दुपारी नीलम गेली.

नितीनभाई आले. मुलीला त्यांनी गाडीतच बसवलं होतं. ते सुकदेववर ओरडले, "क्या खिलाया तूने?"

सुकदेवने माझ्याकडे पाहिलं. "घास, सेठ. दुसरा कुछ नहीं."

"झूठ बोलता है. आज ही रूम खाली कर."

मी शेजारीच उभा होतो, गळ्यात स्टेथोस्कोप.  घोडी माझ्या अज्ञानाने मेली, ते एक वेळ समजू शकतो. पण त्या गप्प राहण्याची लाज आजही वाटते.

सुकदेव खोलीत पेटी भरत होता. मी दारात गेलो. "खोटं का बोललास?"

"तुमनं नाव जाई तर कोन गोठावर बलाई तुमले?" त्याने पेटीत चादर कोंबली. "मी काय, कुठंबी शेण काढसू."

त्याची बायको माझ्याकडे न बघता भांडी बांधत होती. तिला सगळं माहीत असणार.

मग मी नितीनभाईंकडे गेलो आणि गोणीपासून गुळापर्यंत सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "घोडी को मालूम पड गया, डॉक्टरसाहेब. आपको नहीं?"

सुकदेवची खोली राहिली. माझा तो गोठा सुटला आणि त्यामागोमाग आणखी दोन. बरोबरच झालं.

आता एखादं जनावर घमेल्यावरून मान फिरवतं, तेव्हा मी आधी गोणीवरचं लेबल वाचतो. मग गोठ्यावरच्या माणसाला विचारतो, त्याला काय वाटतं. गूळ मागत नाही.