साखर तरी घाल

काकूंकडून आलेली वाटी परत करायला गेलं, की त्या आधी झाकण उचलून आत बघायच्या आणि मग आपल्याकडे. वाटी रिकामी असली तर दारातूनच परत पाठवायच्या. "साखर तरी घाल," म्हणायच्या. केंद्र सरकारच्या नोकरीत मी तीस वर्षं काढली, पण इतक्या शांतपणे फाइल परत पाठवणारा अधिकारी मला भेटला नाही.

दिल्लीच्या करोल बागेत त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. खाली मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं, जिना अंधारा, आणि हवा अशी की वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी करडा व्हावा. रक्तदाब होता, गुडघे दुखायचे, तरी बाई दिवसातून तीनदा खाली उतरायच्या. एकदा दुधाला, एकदा कोथिंबिरीला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते त्यांनाही सांगता यायचं नाही. एखाद्या दिवशी त्या दिसल्या नाहीत तर खालचा दुकानदार मला हटकायचा, "आंटीजी ठीक हैं ना?" काका गेल्यानंतरची अकरा वर्षं त्यांनी त्या जिन्याच्या जोरावर काढली. पण हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. आम्ही जिन्यालाच नावं ठेवायचो.

म्हणून मुलाने त्यांना नोएडाला न्यायचं ठरवलं, तेव्हा समजूत घालणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो. चौदावा मजला, दोन लिफ्ट, खाली बाग, सोसायटीत डॉक्टर. नाही म्हणायला जागा नव्हती. मुलगा गुणी, सूनही चांगली. पण तो कामासाठी अर्धा महिना बंगळुरूला, आणि ती सकाळी गुरुग्रामला जायची ती दिवेलागणीला परतायची.

सहा महिन्यांनी भेटायला गेलो, तर काकू अर्ध्या झालेल्या. रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन झाल्या होत्या. ज्या गुडघ्यांसाठी एवढा खटाटोप केला ते पार आखडले होते, कारण चालत जायचं कुठे? भाजी रस्त्यापलीकडे, आणि रस्ता इतका रुंद की गाडीशिवाय ओलांडता येत नाही. बागेत सकाळी सगळे कानात यंत्रं घालून धावत असतात. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, काकू, इथली हवा मात्र छान आहे.

"छान आहे रे," त्या म्हणाल्या. "पण दिवसभर मी हवेशीच बोलायचं का?"

मला स्वतःची फार लाज वाटली. परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली, तरी मी उभाच राहिलो.

तुम्ही म्हणाल, शेजारी नव्हते का? होते ना. समोरच्या दारात लखनौची एक तरुण मुलगी राहायची, घरूनच ऑफिसचं काम करायची. काकूंनी तिला शिरा पाठवला. वाटी वॉचमनबरोबर परत आली, स्वच्छ धुतलेली, वर आभाराची चिठ्ठी, आणि आत काही नाही. काकूंनी मला फोन करून ही बातमी अशी दिली, जणू तिने दगड मारला होता.

पण हार मानतील त्या काकू कसल्या. पुढच्या वेळी डब्यात पुरणपोळी घेऊन स्वतः गेल्या आणि ती दारात उभी असतानाच नियम सांगून आल्या. "बेटा, हमारे यहाँ बर्तन खाली नहीं लौटाते. कुछ नहीं तो चीनी ही डाल दो."

झालं. डबा गेला तो गेलाच. चार दिवस झाले, आठ झाले. काकांचं नाव घातलेला लग्नातला डबा. पण काकूंना दुःख डब्याचं नव्हतं. मुलगी दुखावली, आता ती तोंडही दाखवणार नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. मला म्हणाल्या, मी माझ्याच हाताने दार लावून घेतलं.

खरी गोष्ट पुढे कळली. त्या मुलीच्या घरात साखर नव्हती. कॉफी कडू प्यायची, जेवण बाहेरून यायचं. विकतचं घालून देणं तिला बरं वाटेना, आणि करता काही येईना. नवव्या दिवशी आईला व्हिडिओ कॉलवर समोर ठेवून तिने रव्याचा हलवा केला, दुपारी डबा घेऊन समोरची बेल वाजवली. दार उघडेना. एरवी ती परत गेली असती. पण नऊ दिवसांनी भरलेला डबा हातात होता. तिने काकूंना फोन लावला, तो आत वाजत राहिला. मग तिने खालच्या गेटवरून मुलाचा नंबर मिळवला, त्याने बंगळुरूहून कुलुपाचा आकडा सांगितला.

काकू न्हाणीघरात पडल्या होत्या, सकाळपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. सून येईपर्यंत उशीर झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

हॉस्पिटलात मी गेलो, तर शुद्धीवर आलेल्या काकू पहिलं काय विचारतात? हलव्यात गुठळ्या होत्या का? मुलगी म्हणाली, होत्या. काकू म्हणाल्या, शिकवीन.

आणि शिकवलं. वॉकर घेऊन चालायला लागल्यावर त्या मजल्यावरच्या चारही दारांत भांडी फिरू लागली, मग तेराव्या मजल्यावर उतरली. पुढच्या खेपेला लिफ्टमध्ये दोघांनी मला थांबवून विचारलं, तुम्ही आंटींकडे आलात ना? दुसरी गोळी बंद झाली. चौदाव्या मजल्यावर बाईंनी करोल बाग वसवली होती, फक्त जिना तेवढा नव्हता. अशी चार वर्षं गेली, आणि ती सुखाची गेली.

यंदाच्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. दिवसपाणी झाल्यावर ती मुलगी मेट्रोने करोल बागेत आमच्याकडे आली. काकांच्या नावाचा डबा शेवटच्या खेपेला तिच्याकडेच राहिला होता. आता कुणाला परत करायचा ते कळेना, म्हणाली. मी झाकण उचललं. आत शिरा होता, एकही गुठळी नसलेला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

गेल्या रविवारी मी तो डबा बेसनाचे लाडू घालून नोएडाला पोचता केला. आज आठ दिवस झाले, अजून परत आलेला नाही. मला घाई नाही. रिकामा तो येणार नाही.